मधला रंग

१

त्या घरात कुठलीही गोष्ट ठरवायची एक पद्धत होती. कुणाला काय हवं ते कुणी विचारायचं नाही. कुणाला काय नको ते मात्र प्रत्येकाने सांगायचं. सगळ्यांची नकारघंटा वाजून झाली की जे उरेल ते घरी आणायचं. पडदे असेच आले होते, सोफा असाच आला होता, आणि समोरच्या काकूंच्या मते बाबांना बायकोही अशीच मिळाली होती. काकूंना असं काहीतरी बोलल्याशिवाय चहा पचत नसे.

बायको म्हणजे सूनबाई. लग्नाला वीसेक वर्षं उलटली, दोन मुली झाल्या, कानाजवळचे केस पांढरे झाले, तरी आजीपासून कोपऱ्यावरच्या दुकानदारापर्यंत सगळे तिला सूनबाईच म्हणत. तिचं त्यावर काही म्हणणं नव्हतं. तिचं तसं कशावरच फारसं म्हणणं नसे.

तर रंगाची गोष्ट. वरच्या मजल्यावरच्या नळाने दगा दिला आणि हॉलच्या भिंतीला पोपडे आले. प्लंबर झाला, गवंडी झाला, शेवटी रंगारी आला. जुना हिरवा सगळ्यांच्या डोक्यात जात होता. नवा रंग फिकट, उबदार, थोडा मातीकडे झुकणारा असावा, इथपर्यंत एकमत होतं. घोडं अडलं ते पुढे. रंगारी गप्पिष्ट माणूस, गिऱ्हाइकांच्या घोळाला सरावलेला. त्याने मोठ्या भिंतीवर ताटाएवढे तुकडे रंगवून दिले.

"सकाळी बघा, दुपारी बघा, दिवे लावून बघा," तो म्हणाला. "मग सांगा. नंतर मला शिव्या घालू नका."

घरच्यांनी सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं, दिवे लावून पाहिलं. बदामी बाबांना नको होता. तो त्यांच्या ऑफिसात होता आणि घरी येऊन परत ऑफिसात बसायची त्यांची तयारी नव्हती. सायीचा रंग आजीला नको होता, कारण बोट लागलं की डाग. बिस्किटी मोठीला नको होता. मोठी कॉलेजात होती आणि राग तिच्या नाकावरच बसलेला असे.

"दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसल्यासारखं वाटतं त्या बिस्किटीने," ती म्हणाली.

"अगं, तिन्ही सारखेच तर दिसतायत," सूनबाई म्हणाली, आणि तिघंही तिच्यावर तुटून पडले.

धाकटी पॅसेजच्या तोंडाशी भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. चौदा वर्षांची, हातात पुस्तक. तिला विचारलं तर म्हणाली, "मला कुठलाही चालेल," आणि पान उलटलं.

"गुणाची पोर. असून नसल्यासारखी," आजी म्हणाली. हे आजीचं नेहमीचं कौतुक होतं आणि ते ऐकून सूनबाईला दर वेळी बरं वाटायचं. मोठीने लहानपणी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. धाकटीने त्रास म्हणून कधी दिला नाही.

"मग हा घ्या की," रंगारी म्हणाला आणि त्याने धाकटीच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

तिथे अजून एक तुकडा रंगवलेला होता. कालपासून सगळे त्या भिंतीसमोरून जा-ये करत होते, पण तो कुणालाच दिसला नव्हता.

"हा कधी मारलात?" बाबांनी विचारलं.

"कालच. तिन्ही डब्यांतलं थोडं थोडं घेऊन मिसळलं. तुमच्या सगळ्यांच्या मधला आहे बघा."

सगळे बघत राहिले. बाबांनी मान तिरकी करून पाहिलं, आजीने चष्मा पुसून पाहिलं. कुणालाही त्याच्यात खोट काढता येईना. खोट काढायची तर रंग आधी नजरेत धरायला हवा, आणि नजर त्याच्यावरून घसरून पुढच्या दाराकडे जात होती. हे एकट्या सूनबाईच्या ध्यानात आलं आणि तिला ते फार आवडलं.

"हाच घेऊ या," ती म्हणाली.

कुणीच नाही म्हटलं नाही. मधला ठरला.

२

सूनबाईला तो का आवडला याला कारण होतं. ती रफूच्या दुकानात काम करायची. सिगारेटने जळलेले कोट, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी, कसर लागलेल्या शाली तिच्या टेबलावर येत. कपड्याच्या आतल्या शिवणीतून त्याच कापडाचे धागे ओढून काढायचे, आणि उभे-आडवे धागे एकेक करून भोकात विणत जायचं. काम झालं की गिऱ्हाईक कोट उजेडात धरून भोक कुठे होतं ते शोधत बसे. सापडलं नाही की तिचा दिवस कारणी लागे. न दिसणं हीच तिच्या कामाची पावती होती, त्यामुळे न दिसणारा रंग तिला मनापासून पटला. यात तिची चूक काढायची तर कशी काढणार?

रंगाऱ्याने आधी मुलींची खोली घेतली, मग पॅसेज, मग हॉल. काम सुरेख झालं. भिंत कुठे संपते आणि छत कुठे सुरू होतं हे सांगता येईना. खोल्या मोठ्या झाल्यासारख्या वाटू लागल्या.

पहिल्या आठवड्यात थोडी गंमत झाली. बटणं चाचपडावी लागत. बाबा दाराच्या चौकटीवर आपटले आणि कपाळाला टेंगूळ घेऊन आले. आजीचं लाकडी स्टूल हरवलं. सगळं घर पालथं घातलं आणि शेवटी ते हॉलच्या भिंतीला टेकवलेलं सापडलं, आजीच्या पायाला ठेच लागली तेव्हा. स्टूल गडद तपकिरी होतं.

"म्हातारपण आलं ते सगळ्यांनाच एकदम आलं वाटतं," आजी पाय चोळत म्हणाली, आणि सगळे हसले.

हसणं त्या दिवसांत सोपं झालं होतं. मोठीची धुसफूस थांबली होती. बाबा ऑफिसातून आले की सोफ्यावर बसून नुसते समोर बघत राहत आणि त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू जाई. समोरच्या काकू घर बघायला आल्या.

"काय शांत वाटतंय हो!" त्या म्हणाल्या. त्यांनी आजीचे गुडघे विचारले, मोठीचं कॉलेज विचारलं, चहा घेतला, आणि टोमणा मारायचं विसरून घरी गेल्या. धाकटी त्यांच्या समोरच, पॅसेजच्या तोंडाशी बसली होती. तिची चौकशी त्यांनी केली नाही, हे सूनबाईला कप विसळताना जाणवलं. राहून गेलं असेल, असं म्हणून तिने कप पालथा घातला.

३

मग ताटांचं झालं.

सूनबाईने रात्रीच्या जेवणाची ताटं मांडली, वाढलं, सगळे बसले. धाकटी उठली, स्वयंपाकघरातून आपलं ताट घेऊन आली आणि आपलं आपण वाढून घेऊ लागली. सूनबाईचा हात डावावर तसाच राहिला.

"अगं, तुझं ताट..."

"असू दे गं आई."

दुसऱ्या दिवशी सूनबाईने ताटं मोजून घेतली. मोजताना ती बोटांवर नावं घेत होती: आजी, अहो, मोठी, मी. झालं. तिने समाधानाने ताटं मांडली, आणि परत धाकटी उठून गेली तेव्हा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीचं ताट विसरणारी आई तिने आजवर दुसऱ्यांच्या बोलण्यातच ऐकली होती.

दुकानात बसून तिने स्वतःची समजूत घातली. कामाचा ताण आहे. दिवसभर बारीक धाग्यांकडे बघून डोळे थकतात. ती डोळे तपासून आली, नंबर होता तोच निघाला. मग तिने भिंतीचा विचार केला आणि तिला स्वतःचंच हसू आलं. भिंतीला रंग लावला म्हणून कुणी लेकीला विसरतं का? लोकांच्या घराला काय काय रंग असतात.

तरी त्या दिवसापासून तिने धाकटीचं ताट सगळ्यांत आधी मांडायला सुरुवात केली. ते जमलं. नंतर एक दिवस तिने ते आधी मांडलं आणि जेवायच्या वेळी जास्तीचं म्हणून उचलून ठेवलं.

४

सुट्टीच्या दिवशी सगळे आत्याकडे जेवायला गेले. आत्या म्हणजे बाबांची बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. गाडीत मागे आजी, मोठी आणि सूनबाई ऐसपैस बसल्या होत्या.

वाटेत सूनबाईला चैन पडेना. "अहो, गॅस बंद केला ना मी?"

"केलास. मी बघितला."

"इस्त्री?"

"ती तर आठवडाभर काढलीच नाही आपण."

तिने पर्स उघडून किल्ल्या बघितल्या. किल्ल्या होत्या. आत्याकडे जेवताना, गप्पा मारताना, परत निघताना, सारखं काहीतरी मागे राहिल्यासारखं वाटत होतं. आत्या दारात उभी राहून म्हणाली, "बरं वाटलं, सगळे आलात." सूनबाईने हो म्हणत मान हलवली, आणि पर्समध्ये हात घालून किल्ल्या परत चाचपल्या. का, ते तिला कळलं नाही.

घरी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. बाबांनी कुलूप काढलं. हॉलमध्ये शिरल्यावर सूनबाईने दिव्याचं बटण चाचपडून शोधलं आणि कुणीतरी म्हणालं, "आलात?"

धाकटी पॅसेजच्या तोंडाशी बसली होती.

"अरेच्चा!" बाबा म्हणाले. "तू क्लासला गेली नव्हतीस?"

"आज सुट्टी आहे, बाबा."

"हो की." बाबा ओशाळले, तिच्या केसांवरून हात फिरवायला पुढे झाले, आणि अर्ध्या वाटेत त्यांना चप्पल काढायची राहिल्याचं आठवलं. ते दाराकडे वळले, मग टीव्हीकडे. हात फिरवायचा राहूनच गेला.

सूनबाई तिच्यासमोर खाली बसली. "तू हाक का नाही मारलीस?"

"मारली की. तू कुलूप लावताना मागे वळून बघितलंस पण."

"मी? तुझ्याकडे?"

"हो." धाकटी अगदी साधेपणाने सांगत होती, शाळेत काय झालं ते सांगावं तसं. "मग तू कुलूप लावलंस."

"तुला राग नाही आला?"

"आधी आला. मग इथे येऊन बसले. इथे बसलं की काहीच वाटत नाही." ती भिंतीला आणखी टेकली. "तू पण बस ना जरा."

सूनबाईने तिला हाताला धरून उठवलं. पोरीच्या जिवाला धोका आहे, हे तिला त्या क्षणी कळलं. कसला धोका, ते मात्र तिला धड सांगता आलं नसतं.

५

दुसऱ्या दिवशी तिने एक प्रयोग केला. आपण खुळ्यासारखं वागतोय हे तिला कळत होतं, म्हणून घरात कुणी नसताना, भर उजेडात केला. मोठीचा लालभडक स्वेटर तिने धाकटीला घातला आणि तिला पॅसेजच्या तोंडाशी उभं केलं.

"इथेच उभी राहा. हलायचं नाही हं."

"किती वेळ?"

"थोडाच."

ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडला, बंद केला, आणि परत आली. हॉलमध्ये सोफा होता, पडदे होते, टीव्ही होता. ती दोनदा पॅसेजसमोरून गेली. मग तिला आठवलं की आपण लाल शोधतोय. तिने ठरवून, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, भोक शोधताना कापडावरून बोट फिरवतो तशी नजर फिरवली.

लाल होता. सगळा वेळ तिच्या डोळ्यांपुढेच होता. तो फिका झाला नव्हता, लपलाही नव्हता. फक्त नजर त्याच्यावर टेकत नव्हती. तिने डोळे ताणून तिथे बघितलं की स्वेटर दिसे, स्वेटरमधून आलेली मान दिसे, मग हनुवटी. पापणी लवली की परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागे.

"आई, झालं का?" धाकटीने विचारलं. "मघाशी तू दोनदा माझ्या समोरून गेलीस."

दुकानात त्या दुपारी एक गृहस्थ आपला कोट न्यायला आले. त्यांनी खिडकीशी जाऊन बाही उलटसुलट करून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"कमाल आहे! इथे भोक होतं हे मीच विसरून जाईन आता."

इतकी वर्षं हेच ऐकायला ती काम करत होती. त्या दिवशी तिला ते ऐकवेना. ती आत जाऊन पाणी प्यायली.

६

"मला रंग बदलायचाय," ती संध्याकाळच्या चहाला म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं. सूनबाईच्या वाक्याची सुरुवात "मला" अशी होणं त्यांनाही नवीन होतं.

"का गं?" बाबांनी विचारलं. "चांगला तर आहे."

"धाकटी दिसत नाही त्यात."

बाबांच्या चेहऱ्यावर एक भाव येऊन गेला. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या शेजाऱ्याचं नाव आठवताना माणूस बघतो, तसे ते बघत होते. "धाकटी," ते म्हणाले. मग एकदम, "हो, हो, धाकटी! तिचं काय?"

"या वयात मुली घुम्या होतातच," आजी म्हणाली. "तूच उगाच जिवाला लावून घेतेस."

"आई, प्लीज," मोठी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि तेच सूनबाईला खुपलं. "किती शांत झालंय घर. मला माझ्या खोलीत पहिल्यांदा बरं वाटतंय."

माझ्या खोलीत. सूनबाईने पॅसेजकडे नजर टाकली. "मला लाल लावायचाय," ती म्हणाली. "निदान तेवढ्या भिंतीला."

मग नेहमीची घंटा वाजली. बाबांना लाल नको होता, डोकं चढेल. आजीला नको होता, घराची रया जाईल. मोठीला नको होता, लोक हसतील. तिघंही प्रेमानेच बोलत होते. सूनबाईला वाटलं, कप आपटावा. ओरडावं. माझी पोर तिथे बसलीय, एकेकाने जाऊन तिला हात लावून या, असं सांगावं. तिचे ओठ हललेसुद्धा. पण वीस वर्षांची सवय एका कपात कशी फुटणार?

"बरं, बघू," ती म्हणाली, आणि तिला स्वतःची किळस आली.

मात्र आठवडा संपता संपता दुकानातून तिने रंगाऱ्याला फोन लावला. "भडक रंगांचं कार्ड घेऊन या. उद्या सुट्टी आहे, उद्याच या."

"घरच्यांना विचारलंत ना, वहिनी? नंतर माझ्या डोक्यावर खापर नको."

"विचारलं," तिने ठोकून दिलं. खोटं बोलल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की आपण हे आधीच का केलं नाही, असं तिच्या मनात आलं.

७

सुट्टीच्या दुपारी घर जेवून सुस्तावलं होतं. बाबा सोफ्यावर पेंगत होते, आजी आत पडली होती. मुलींच्या खोलीत मोठी खिडकीजवळच्या पलंगावर लोळत फोन बघत होती. दुसऱ्या पलंगावर इस्त्रीचे कपडे, बॅगा, जुना पंखा असं सगळं रचून ठेवलेलं होतं.

"हे इथे कुणी ठेवलं?" सूनबाईने विचारलं.

"इथेच तर असतं," मोठी म्हणाली.

सूनबाई पॅसेजमध्ये आली. पॅसेज रिकामा होता. एक टोक हॉलला, एक टोक न्हाणीघराला, आणि मध्ये नुसती ती मऊ, उबदार भिंत.

"धाकटे!"

"आई, इथेच आहे मी."

आवाज जवळून आला, अगदी हाताच्या अंतरावरून. त्यात भीती नव्हती, झोपेतून उठवल्यासारखा होता. सूनबाईने भिंतीवर हात ठेवला. रंग गार, गुळगुळीत. हात सरकवत सरकवत ती पुढे गेली, आणि एके ठिकाणी भिंत उबदार लागली. तिथे तिने पकडलं. बारीक मनगट होतं. त्याच्यावरची नाडी तिच्या बोटांखाली उडत होती.

तिने वर पाहिलं. चेहरा असायला हवा तिथे भिंत होती. मग भिंतीत दोन जागी ओलं काहीतरी चमकलं. ते मिटलं, आणि परत उघडलं.

"सोडू नकोस हं," धाकटी म्हणाली.

"नाही सोडणार. वेडी आहेस का? नाही सोडणार."

तेवढ्यात बेल वाजली. मोठीने उठून दार उघडलं. रंगारी आत आला, त्याच्या मागोमाग बाबा डोळे चोळत, आणि आजी भिंतीचा आधार घेत घेत आली. सगळे पॅसेजच्या तोंडाशी जमले.

"अगं, भिंत धरून काय उभी आहेस?" बाबांनी विचारलं.

"हिला धरलंय."

"कुणाला?"

तिने तोंड उघडलं. तिने स्वतः ठेवलेलं, स्वतः हजारदा हाक मारलेलं नाव होतं, ते जिभेवर आलं आणि तिथून घसरलं. "धाकटीला," ती कशीबशी म्हणाली. "लाल रंग लावा इथे. आत्ताच्या आत्ता लावा. मी हात सोडणार नाही."

बाबांनी आजीकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत काळजी होती, अगदी खरी. ते जवळ आले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"चुकलंच आमचं," ते म्हणाले. "इतकी वर्षं तुला काय हवं ते आम्ही कधी विचारलंच नाही. तुला हवा तो रंग लाव. आम्ही कुणी नाही म्हणणार नाही. काय गं आई?"

"तिचंही घर आहे की," आजी म्हणाली.

"तूच ठरव, आई," मोठी म्हणाली.

सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. या घरात हे कुणी तिला म्हणेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. आणि हे तिघं किती मायेने बघत होते! रंगाऱ्याने बगलेतलं कार्ड पुढे केलं. जाडजूड, घडीघडीचं, उलगडलं की चांगलं हातभर लांब होणारं.

"जरा जपून, वहिनी. घडीत फाटलंय ते. दोन्ही हातांनी धरा."

तिने दोन्ही हातांनी धरलं.

कार्ड उलगडत गेलं तसे रंग बाहेर आले. शेंदरी, जांभळा, मोरपंखी, हळदी. इतके रंग तिने एका जागी कधी पाहिले नव्हते. सगळे तिच्या खांद्यावरून डोकावून बघू लागले. ती एकेक घडी सावकाश उलटत होती, आणि कुणीच नाक मुरडत नव्हतं. शेवटच्या घडीत एक डाळिंबी होता. तिने त्याच्यावर बोट ठेवलं.

"हा."

"वा!" बाबा म्हणाले. आजीने मान डोलावली. मोठीसुद्धा म्हणाली, "भारी आहे, आई."

"झकास," रंगारी म्हणाला. "कुठल्या भिंतीला मारू?"

सूनबाईने इकडेतिकडे पाहिलं. हॉल, पॅसेज, उन्हात न्हालेल्या शांत भिंती. काहीतरी मनात होतं खरं, पण ते काही केल्या आठवेना.

"तसं काही ठरवलं नव्हतं," ती हसून म्हणाली. "तुम्हीच सांगा, कुठे शोभेल?"

बाबा आणि रंगारी हॉलच्या भिंतींकडे बघत चर्चा करू लागले. मोठी चहा टाकायला गेली. सूनबाईचा उजवा तळवा घामेजला होता आणि अजून गरम होता. तिने तो ओढणीला पुसला आणि ती कार्डाची घडी घालू लागली.